व्हायरल लोडच्या आकड्यापलीकडे

जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली एक आकडेवारी जाहीर केली आणि एचआयव्हीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या अनेकांना ती कोड्यासारखी वाटली. 2005 ते 2012 या काळात जगभरात एड्समुळे होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले होते. मात्र त्याच काळात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींमधले मृत्यू 50 टक्क्यांनी वाढले होते. औषधे उपलब्ध होती, स्वस्त झाली होती, आफ्रिकेतल्या छोट्या गावांपर्यंत पोचली होती. तरीही एका विशिष्ट वयात माणसे दगावत होती. त्यामागे एक सरळ कारण होते. आईकडून जन्मताना संसर्ग झालेली जी मुले पूर्वी पाचव्या वर्षापर्यंतही जगत नसत, ती आता किशोरवयात येऊ लागली होती, आणि त्यांच्यातल्या अनेकांचे निदानच उशिरा झाले होते. पण एवढ्याने कोडे सुटत नाही. कारण निदान झालेली, उपचार सुरू असलेली, घरात औषधाची बाटली असलेली मुलेसुद्धा याच वयात उपचारांतून निसटत होती. लहानपणी आजी हाताने गोळी भरवत असे तोवर ठीक चालले, आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी रक्तातला विषाणू पुन्हा वाढू लागला, असे या मुलांच्या बाबतीत वारंवार दिसत होते.

टांझानियाच्या उत्तर भागात, किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशी मोशी नावाचे शहर आहे. तिथल्या किलिमांजारो ख्रिश्चन मेडिकल सेंटर या मोठ्या रुग्णालयात अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातल्या बालरोग व संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. डोरोथी डाऊ आणि टांझानियाच्याच बालरोगतज्ज्ञ व संशोधक डॉ. ब्लॅंडिना म्बागा यांनी या प्रश्नावर अनेक वर्षे काम केले आहे. त्यांच्या कामाचा क्रम मला फार बोलका वाटतो. सुरुवात मुलांच्या मनापासून नव्हे, तर विषाणूपासून झाली होती. जन्मतः एचआयव्ही असलेल्या मोशीतल्या मुलांवर सुरू केलेली औषधे किती वर्षे टिकतात आणि कोणाच्या बाबतीत निकामी होतात, हा आधीचा प्रश्न होता. औषध निकामी होण्याची यंत्रणा डॉक्टरांना चांगली ठाऊक आहे. गोळ्या अधूनमधून चुकल्या की रक्तातले औषधाचे प्रमाण अर्धवट राहते. विषाणू पूर्ण दबत नाही, पण औषधाशी त्याची ओळख मात्र होते, आणि त्याच्या जनुकांत असे बदल होतात की तेच औषध पुढे चालेनासे होते. त्या काळी आफ्रिकेत आणि भारतातही पहिल्या टप्प्यात नेव्हिरापिन व एफाव्हिरेन्झ ही औषधे सर्रास दिली जात. विषाणूत एकच विशिष्ट बदल झाला तरी ही दोन्ही औषधे एकदम बाद होतात. पुढच्या टप्प्यातली औषधे महाग, मुलांसाठीचे पर्याय थोडे, आणि विषाणू कोणत्या औषधाला दाद देत नाही हे सांगणारी चाचणी तर बहुतेक ठिकाणी परवडणारीच नव्हती. म्हणजे पंधराव्या वर्षी चुकलेल्या गोळ्यांची किंमत पुढे आयुष्यभर मोजावी लागणार होती. मग गोळ्या का चुकतात, हा प्रश्न टाळता येईना. तो विचारला की उत्तर प्रयोगशाळेत सापडत नाही, ते मुलाच्या मनात आणि घरात शोधावे लागते.

अशा मुलाचे आयुष्य क्षणभर डोळ्यांसमोर आणा. आई किंवा वडील, बऱ्याचदा दोघेही, त्याने लहान असतानाच गमावलेले असतात. आजी, मावशी किंवा काका त्याला वाढवतात. त्याला रोज गोळी दिली जाते, पण ती कशासाठी हे सांगितले जात नाही; कधी छातीच्या दुखण्याचे निमित्त पुढे केले जाते, कधी अशक्तपणाचे. जागतिक आरोग्य संघटनेची 2011 सालची मार्गदर्शिका सांगते की शाळकरी वयाच्या मुलाला त्याच्या समजेनुसार टप्प्याटप्प्याने त्याच्या आजाराची माहिती द्यावी. प्रत्यक्षात अनेकांना ते फार उशिरा, आणि तेही अपघाताने कळते: भिंतीवरच्या पोस्टरवरून, नातेवाइकांच्या भांडणातून, फाइलवर लिहिलेल्या अक्षरांवरून. त्या एका क्षणात मुलाला तीन गोष्टी कळतात. आपल्याला आजार आहे, आईवडील त्यानेच गेले, आणि ज्यांच्यावर विश्वास ठेवला त्यांनी हे लपवले. टांझानियात माध्यमिक शिक्षणासाठी वसतिगृहात राहणे नेहमीचे आहे. तिथे तीस-चाळीस जणांच्या खोलीत रोज ठरावीक वेळी गोळी घेणे म्हणजे रोज एकदा पकडले जाण्याची भीती. त्यात पहिले प्रेम येते, लग्न होईल का, मूल होईल का, हे प्रश्न येतात. याच वयात जगातल्या कोणत्याही मुलाचे मन सर्वांत नाजूक असते. आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक विकारांपैकी जवळपास निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत होते. शोक, लपवाछपवी आणि कलंक हे सारे याच वयात एकत्र येऊन आदळले तर मूल खचते, याचे आश्चर्य वाटू नये. मोशीतल्या अभ्यासांतही नैराश्याची व मानसिक आघाताची लक्षणे आणि गोळ्या चुकणे या गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून आलेल्या दिसल्या. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सांगणे अवघड आहे. उदास मूल गोळी टाळते, आणि गोळी टाळून आजारी पडलेले मूल अधिक उदास होते. पण उपचार करणाऱ्याला ही गाठ कुठूनतरी सोडवायला सुरुवात करावीच लागते.

त्यासाठी मोशीत जो कार्यक्रम आखला गेला त्याचे नाव ‘साउती या विजाना’, म्हणजे तरुणांचा आवाज. बारा ते चोवीस वर्षांच्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलामुलींचे छोटे गट करायचे, त्यांच्या दहा सामूहिक बैठका घ्यायच्या, त्यांपैकी दोन सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांसह, आणि शिवाय प्रत्येकाबरोबर दोन वैयक्तिक बैठका करायच्या, अशी त्याची रचना आहे. बैठका चालवणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. त्या भागातलेच, मुलांपेक्षा थोडे मोठे, प्रशिक्षण दिलेले तरुण होते. ताण आल्यावर शरीर शांत कसे करायचे, मनात येणारा विचार, त्यातून उठणारी भावना आणि त्यानंतरची आपली कृती यांचा संबंध कसा ओळखायचा, आपला आजार कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायचा की सांगायचाच नाही, कठीण प्रसंगी आपल्या मागे कोण उभे राहील, आणि पुढच्या आयुष्याकडून आपल्याला काय हवे आहे, असा या बैठकांचा प्रवास होता. वैयक्तिक बैठकीत सर्वांत क्लेशदायक आठवण बोलून दाखवायला जागा होती. पद्धती नव्या नाहीत. विचार-वर्तन उपचार, नातेसंबंधांवर भर देणारा उपचार आणि प्रेरक संवाद यांतूनच त्या घेतल्या आहेत. नवे होते ते त्यांना स्वाहिली भाषेत, तिथल्या घरांना आणि शाळांना जुळतील अशा रूपात बसवणे. पालकांना दोनदा बोलावण्याची कल्पना मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. गुपित घरातच तयार होते. ते हलके करायचे तर घरातल्या मोठ्यांनाही त्या खोलीत बसवावे लागते.

2020 साली या कार्यक्रमाच्या प्राथमिक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभराच्या आसपास मुलांची चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली होती. एकाला हा कार्यक्रम, दुसऱ्याला नेहमीची सेवा. बैठकांना ऐंशी टक्क्यांहून जास्त हजेरी होती. किशोरवयीन मुलांना कुठेही नियमित बसवणे किती कठीण असते हे ठाऊक असणाऱ्याला या आकड्याचे मोल कळेल. कार्यक्रमाच्या गटात विषाणू दबलेल्या मुलांचे प्रमाण सहा महिन्यांत साधारण दोन तृतीयांशांवरून तीन चतुर्थांशांपर्यंत गेले, तुलनेच्या गटात तशी वाढ दिसली नाही. पण संख्या लहान असल्यामुळे हा फरक योगायोगाने पडला असण्याची शक्यता पूर्णपणे फेटाळता येत नव्हती. प्राथमिक चाचणीचे कामच मुळी हा उपक्रम जमतो का, मुले येतात का, कुणाला अपाय होतो का, हे पाहण्याचे असते. एवढ्याच पुराव्यावर मानसिक उपचाराने विषाणू हरतो असे म्हणणे घाईचे होईल. म्हणून मोशीच्या शेजारी झिंबाब्वेतला पुरावा ठेवून पाहायला हवा.

झिंबाब्वेत ‘झ्वांदिरी’ नावाचा कार्यक्रम 2004 पासून चालतो. त्यात अठरा ते चोवीस वर्षांचे, स्वतः एचआयव्हीसह जगणारे तरुण आपल्याहून लहान मुलांना भेटतात, घरी जातात, गोळ्यांबद्दल, भीतीबद्दल बोलतात, गरज पडली तर दवाखान्यात घेऊन येतात. बिंदुरा आणि शाम्वा या जिल्ह्यांतल्या 16 दवाखान्यांत, तेरा ते एकोणीस वर्षांच्या 500 मुलांवर त्याची चाचणी झाली आणि 2020 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 96 आठवड्यांनंतर नेहमीच्या सेवेतल्या 36 टक्के मुलांचा मृत्यू झाला होता किंवा त्यांच्या रक्तात विषाणू वाढलेला होता. झ्वांदिरीच्या गटात हे प्रमाण 25 टक्के होते. म्हणजे सोबतीचा परिणाम रक्तात मोजता आला. पण 2022 साली आलेली पुढची चाचणी मला अधिक विचार करायला लावते. झ्वांदिरीतल्याच, मानसिक त्रासाची लक्षणे असलेल्या आठशेहून अधिक मुलांपैकी अर्ध्यांना नेहमीची सोबत मिळाली, तर अर्ध्यांना सोबतीबरोबरच समस्या सोडवण्याची रीत शिकवणारा उपचार मिळाला. हरारेतल्या दवाखान्यांच्या आवारात बाकांवर बसून आजीबाई जो उपचार देतात, त्याच जातीचा. 48 आठवड्यांनी सोबतीच्या गटात सुमारे दहा टक्के मुलांना मानसिक त्रास उरला होता, उपचाराची जोड मिळालेल्या गटात अडीच टक्क्यांहूनही कमी. मनाला फायदा स्पष्ट झाला. विषाणूच्या बाबतीत मात्र दोन गटांत फरक पडला नाही.

या निकालाचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येतो. एक असा की मानसिक उपचाराने विषाणूवर काही होत नाही, तर एचआयव्हीसाठी आलेला पैसा त्यावर का खर्चावा? दुसरा अर्थ, आणि मला तोच बरोबर वाटतो, असा की आपण मुलाच्या मनाला फक्त गोळी गिळवण्याचे साधन समजत आलो आहोत. नैराश्य बरे करा, कारण त्याने गोळ्या चुकतात. शोकाबद्दल बोला, कारण त्याने व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) वाढतो. हा युक्तिवाद निधी मिळवण्यासाठी उपयोगी असेल, पण तो अपुरा आहे. ज्या मुलाच्या रक्तात विषाणू सापडत नाही पण ज्याला रोज मरून जावेसे वाटते, त्याच्यावरचा उपचार यशस्वी झाला असे कोणता डॉक्टर म्हणेल? मोशी आणि झिंबाब्वे यांच्या पुराव्यातून मला जे दिसते ते हे की सोबत आणि समुपदेशन विषाणू दाबायला बऱ्याचदा मदत करतात, नेहमीच नाही. पण त्यांनी मुलांचे दुःख कमी होते ही गोष्टच त्यांच्या बाजूने पुरेशी आहे. यश मोजायला व्हायरल लोड हवाच, तो एकमेव माप असता कामा नये.

यावर पहिला आक्षेप औषधशास्त्राचा आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. आता डॉल्युटेग्राव्हिर आले आहे. दिवसाला एक गोळी, दुष्परिणाम कमी, आणि मुख्य म्हणजे गोळ्या थोड्याफार चुकल्या तरी विषाणू त्याला सहजासहजी दाद न देण्याइतका बदलत नाही. काही देशांत तर दर दोन महिन्यांनी टोचायचे इंजेक्शनही मिळू लागले आहे. मग मनाच्या वाटेने जाण्याची गरज काय? मुलांवरच्या ओडिसी नावाच्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2021 साली आले, डॉल्युटेग्राव्हिर घेणाऱ्या मुलांत 96 आठवड्यांत उपचार अयशस्वी होण्याचे प्रमाण 14 टक्के होते, जुन्या औषधांच्या गटात 22 टक्के. फरक मोठा आहे आणि त्याने हजारो मुलांचे प्राण वाचतील. पण सात मुलांमागे एकाचा उपचार याही औषधाने सांभाळला नाही, आणि तेही चाचणीच्या काटेकोर देखरेखीत. औषध कितीही सुधारले तरी ते घ्यायला येणारा हात माणसाचाच असतो. जो मुलगा दवाखान्यात यायचेच थांबतो, त्याला इंजेक्शन कोण देणार?

दुसरा आक्षेप गरिबीचा. उपाशी मुलाला श्वास सावकाश सोडायला शिकवणे ही क्रूर चेष्टा आहे, असे कुणी म्हटले तर मी त्याच्याशी भांडणार नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात हजाराहून अधिक किशोरांवर झालेल्या एका पाहणीत याचे उत्तर सापडते. अन्नाची मदत, एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या आधारगटातली हजेरी आणि घरच्या मोठ्यांचे बारीक लक्ष, या तिन्हींपैकी काहीच नसलेल्या मुलांत आदल्या आठवड्यात गोळी चुकण्याची शक्यता 54 टक्के होती. एक असेल तर ती चाळीसच्या आसपास, दोन असतील तर 28 च्या आसपास, आणि तिन्ही असतील तर 18 टक्के. ही निव्वळ पाहणी होती, प्रयोग नव्हे, त्यामुळे कार्यकारणाबद्दल जपून बोलावे. तरी आकड्यांचा कल ओळखता येतो. अन्न, माणसे आणि घर यांत निवड करायची नसते. ती एकमेकांच्या आधाराने काम करतात. शिवाय मानसिक उपचार म्हणजे गरिबीवरचा उतारा असे मोशीच्या संशोधकांनीही कधी म्हटलेले नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकू येतो: मानसोपचार हे तज्ज्ञांचे काम आहे, ते वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांवर सोपवणे धोक्याचे आहे. टांझानियाच्या सहा कोटींहून अधिक लोकसंख्येसाठी मानसोपचारतज्ज्ञ काही डझनच आहेत. तज्ज्ञांची वाट पाहायची तर या मुलांचे किशोरवय संपून जाईल. पण केवळ टंचाई हे काही समर्थन नव्हे. पद्धत उपयोगी आहे का हे तपासायलाच हवे, आणि ते आपल्या शेजारी, गोव्यात, तपासले गेले आहे. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेच्या ‘मानस’ चाचणीत, जी 2010 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत केली. सरकारी आरोग्य केंद्रांत रुग्ण बरे होण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे अशी सेवा चालते, पण कुठेही आणि कशीही चालत नाही. तिला वरचेवर देखरेख लागते, आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या मुलाला त्याच दिवशी तज्ज्ञाकडे नेण्याची ठरलेली वाट लागते, आणि समुपदेशक तरुणाला स्वतःला मोकळे होण्यासाठी कुणीतरी लागते. स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या समुपदेशकांचेच आयुष्य त्यांच्यासमोर बसलेले असते, हे विसरता कामा नये. त्यांना मानधन न देता सेवाभावाच्या नावाखाली राबवून घेणे तर मला सरळ अन्याय वाटतो.

आणखी एक आक्षेप गोपनीयतेचा. गटात बसले की गुपित फुटेल, ही भीती खरी आहे. पण जी मुले आजवर आपल्यासारखे जगात दुसरे कुणी नाही असे समजत होती, त्यांना गटातल्या बाकीच्यांकडे पाहून जे मिळते ते एकट्याने घेतलेल्या कोणत्याही समुपदेशनात मिळणार नाही. म्हणून गोपनीयतेचा करार पहिल्याच बैठकीत, मुलांच्याच शब्दांत करायचा असतो.

पैशाच्या बाबतीत मात्र परिस्थिती बिघडली आहे. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली, आणि आफ्रिकेतल्या एचआयव्ही कार्यक्रमांना हादरा बसला. पुढे औषधोपचारांना जीवनरक्षक म्हणून सूट मिळाली; त्यांच्या भोवती उभ्या असलेल्या बऱ्याच सामुदायिक कामांना ती मिळाली नाही. जीव वाचवणे म्हणजे गोळी देणे, एवढीच व्याख्या तिथे गृहीत धरली होती. वर दिलेला पुरावा त्या व्याख्येच्या विरुद्ध जातो. झ्वांदिरीच्या चाचणीत दोन्ही गटांना औषध मिळत होते; फरक पडला तो सोबतीने.

हा प्रश्न महाराष्ट्रालाही लागू आहे. देशात सुमारे पंचवीस लाख लोक एचआयव्हीसह जगतात आणि त्यांतले सुमारे चार लाख महाराष्ट्रात आहेत, इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. मुलांसाठीचा सरकारी उपचार कार्यक्रम 2006 च्या अखेरीस सुरू झाला. तेव्हा पाच-सहा वर्षांची असलेली मुले आज पंचविशीच्या उंबरठ्यावर आहेत. नोकरी, लग्न, आपले सत्य कोणाला सांगायचे, हे सारे प्रश्न आज त्यांच्यासमोर आहेत. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने भेदभावाला आणि संमतीविना माहिती उघड करण्याला बंदी केली आहे. त्याच कायद्यात अशीही तरतूद आहे की बारा वर्षांवरील समंजस मूल घर सांभाळत असेल, तर शाळाप्रवेश, उपचार अशा कामांत ते धाकट्या भावंडांचे पालक म्हणून उभे राहू शकते. ही तरतूद लिहिणाऱ्यांना या मुलांच्या खांद्यावर किती ओझे आहे याची जाण होती. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रात, समुपदेशक आहेत, पण गर्दीत त्यांच्या प्रश्नांचा सगळा रोख किती गोळ्या उरल्या यावर राहतो. तिथे झोप लागते का, जगावेसे वाटते का, आईची आठवण आली की काय करतोस, हेही विचारले जावे. याच मुलांतून मोठे झालेल्या तरुणांना प्रशिक्षण आणि नियमित मानधन देऊन केंद्रात जागा द्यावी. त्यांच्यामागे जिल्हा रुग्णालयातला मानसोपचारतज्ज्ञ ठामपणे उभा असावा. राज्याच्या आरोग्य खात्याने ही सुरुवात सर्वाधिक रुग्ण असलेल्या जिल्ह्यांपासून करावी, आणि तिचे यश मोजताना व्हायरल लोडच्या रकान्याशेजारी मुलाच्या मनाची नोंद करणारा रकानाही ठेवावा.